डब्यांचा घसा बदलणारे हरुभाय

१९८६च्या डिसेंबरात, एका हळदीच्या दिवशी सकाळी, बेटेगावच्या हरेश्वर राऊत यांनी माकुणसारच्या बेंजो पार्टीचा ॲम्प्लिफायर परत द्यायला नकार दिला. ॲम्प्लिफायर चालू होता. आतला स्पीकर नवा होता. आवाज रस्त्यापलीकडच्या भातगिरणीपर्यंत जात होता. पार्टीचे चौघे टेम्पो बाहेर उभा करून ओटीवर येऊन बसले होते आणि संध्याकाळी त्यांना मांडवात वाजवायचं होतं. नकाराचं कारण राऊतांनी एका वाक्यात सांगितलं.

"आमच्या हिनं अजून पास नाय केला."

त्या सकाळी मी ओटीवर होतो. पण काय घडलं ते कळायला आधीची काही वर्षं सांगावी लागतील.

मी तेव्हा ठाण्याच्या एका दैनिकाचा पालघर-बोईसरचा वार्ताहर होतो. राऊतांच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. गाव त्यांना हरुभाय म्हणत असे, मीही तेच म्हणू लागलो. ते मला पेपरवाले म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते वापरायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

हरुभाय तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सूत बनवणाऱ्या एका कारखान्यात वायरमन होते. अंगानं बारीक, चालायला भरभर, बोलायला सावकाश. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. घरी आले की खाकी हाफपँट चढवत आणि ओटीवर पडलेल्या डब्यांपैकी एक पुढ्यात ओढत. डबा म्हणजे ॲम्प्लिफायर. तो कुठल्या देशात बनला, त्यावर इंग्रजीत काय लिहिलं आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आधी ते त्याच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, मग मागचे स्क्रू काढून आत तोंड घालत. निदान ठरलेलं असे.

"डबा बरा हाय. घसा बसलाय."

घसा म्हणजे स्पीकर. हरुभायच्या मते जगातल्या सगळ्या डब्यांचा हा एकच आजार होता आणि त्यावर औषधही एकच होतं.

हे डबे येत कुठून, तर तारापूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून. तिथे देशभरातून आलेले तरुण इंजिनिअर राहत. त्यांतल्या काहींकडे इलेक्ट्रिक गिटार असे आणि तिच्याबरोबर खोलीत सराव करायचा एक लहान ॲम्प्लिफायर. बदली झाली की पलंग, सायकल, कुंड्या यांच्याबरोबर तोही विकायला निघे. घेणारे असत आमच्या भागातले बेंजोवाले. बेंजो म्हणजे मांडीसमोर आडवं ठेवून, एका हातानं बटणं दाबत, दुसऱ्या हातानं तारा छेडत वाजवायचं वाद्य. केळव्यापासून डहाणूपर्यंत बेंजोशिवाय हळद लागत नसे. पूर्वी तो नुसता वाजे. पुढे त्याला वायर लागली आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला डबा आला.

अडचण अशी होती की सरावाच्या डब्यात स्पीकर लहान असतो. पातळ कागद आणि मागे पेढ्याएवढं चुंबक. बंद खोलीत एकट्या माणसाला आपली गिटार ऐकू आली की त्याचं काम संपलं. तोच डबा मांडवात, ढोलकीच्या शेजारी उभा केला की सुरुवातीला तो घोगरा होई आणि नवरदेवाच्या गालाला हळद लागेपर्यंत फाटे. मग दुसऱ्या दिवशी तो बेटेगावला येई.

सुटीच्या दिवशी हरुभाय मुंबईला जाऊन स्पीकर आणत. दुकानात ते स्पीकर वाजवून बघत नसत. तळहातावर ठेवून वजन घेत, नखानं कागदाला टिचकी मारत आणि मान डोलावत किंवा डोलावत नसत. परत येताना स्पीकर टॉवेलात गुंडाळून मांडीवर. एकदा शेजारी बसलेल्या बाईनं बाळ झोपलंय का, असं विचारलं. हरुभायनी सांगितलं की झोपलंय, अजून बोलाला लागलं नाय. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसले नाहीत.

जुन्या भोकात नवा स्पीकर मावत नसे. मग बारीक करवतीनं भोक वाढवायचं, कडेला जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवायची आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे. एकच बाजू आधी आवळली तर घसा वाकडा बसतो आणि डबा नाकात बोलतो, असं ते म्हणत. नाकात बोलणारा एक डबा त्यांनी मला ऐकवलाही होता. मला फरक कळला नाही. त्यावर ते म्हणाले की पेपरवाल्याला कळणार पण नाय, तुमी लिहिलेलं ऐकता कुठं.

इतकं झाल्यावरही डबा मिळत नसे, कारण तो मुरायचा असे. मागच्या अंगणात, विहिरीकडे तोंड करून हरुभाय तो मांडत, त्याला रेडिओ जोडत आणि दिवसभर बातम्या ऐकवत. मराठी बातम्या, हिंदी बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, मच्छीमारांसाठी हवामान. गाण्यांना बंदी होती. गाणी खाऊन घसा लाडावतो आणि बातमी खाल्ली की बोल सुटा येतो, हा त्यांचा सिद्धांत होता. वसाहतीतल्या एका इंजिनिअरला मी याबद्दल विचारलं. तो म्हणाला की नव्या स्पीकरचा कागद काही तास हलला की थोडा मऊ होतो हे खरं आहे, पण त्याला बातम्याच लागतात याला आधार नाही.

आधार असो नसो, शेजाऱ्यांची सोय झाली होती. बाजूच्या घरातली बायजीआजी कांद्याचा भाव हरुभायच्या डब्यावर ऐकून मगच बोईसरच्या बाजाराला निघे. किनाऱ्याच्या त्या पट्ट्यात गुजरातची केंद्रं कधीकधी मुंबईपेक्षा स्वच्छ लागत. त्यामुळे एक डबा सगळाच गुजराती बातम्यांवर मुरला. तो घ्यायला मनोरहून आलेल्या माणसाला हरुभायनी आधीच कल्पना दिली की हा जरा गुजराती बोलंल, गरब्याला चालव. नवरात्र संपल्यावर तो माणूस पेढे घेऊन आला होता.

हरुभाय दिवसा कारखान्यात असत. तेव्हा बातम्या संपून गाणी लागली की रेडिओ बंद करायचा आणि बातम्यांची वेळ झाली की पुन्हा लावायचा, हे काम सुलोचनावहिनींचं होतं. वहिनी म्हणजे हरुभायच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, कामात असताना पदर कमरेला खोचलेला. त्या ओटीवर फारशा येत नसत. पण डब्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा होता.

राऊतांचं घर लांबट होतं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, आणि पडवीत चूल. तिन्हींची दारं एका रेषेत. डबा मुरला की हरुभाय तो ओटीवर ठेवत आणि गिऱ्हाइकाला वाजवायला सांगत. स्वतः मात्र तिकडे कान देत नसत. माजघराकडे तोंड करून उभे राहत. आत चुलीपाशी वहिनी असत. त्यांना सगळे बोल सुटे ऐकू आले की त्या तिथूनच म्हणत, "आलं." की डबा पास. आतून काही आलं नाही तर हरुभाय पुन्हा पाठ उघडत, एखादी तार बदलत, भोकाची कड घासत, कधी अख्खा स्पीकर बदलत.

बेंजोवाले याला वयनीचं कोर्ट म्हणत. वसाहतीतल्यांना ते समजत नसे. केरळहून आलेला एक इंजिनिअर स्वतःची गिटार घेऊन आला होता. त्यानं हरुभायना हिंदीत विचारलं की अंकल, बजाना तो मुझे है, इसमें आंटी का क्या काम. हरुभायचं हिंदी कारखान्यातलं होतं. ते म्हणाले, "तुम बजाएगा. सुनेगा कौन?" त्या इंजिनिअरनं मग पडवीकडे तोंड करून गिटार वाजवली आणि 'आलं' म्हणजे काय हे मला विचारून घेतलं.

पहिली काही वर्षं हे असं सुरळीत चाललं. एका दुपारी मी पंचायत समितीची बैठक उरकून लवकर परतलो. मागच्या अंगणात डबा मुरत होता आणि त्यावर गाणी चालू होती. वहिनी डब्यापासून हाताच्या अंतरावर बसून वाल सोलत होत्या. मला वाटलं, आज त्यांनी मुद्दाम ठेवली असतील. हरुभाय पाळी संपवून आले तेव्हाही गाणी चालू होती. ते सायकल धरून थोडा वेळ अंगणात उभे राहिले. मग रेडिओ बंद केला. वहिनींनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, बातम्या कशाला बंद केल्या?"

त्यानंतर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. मी पाणी मागितलं की त्या चहा का आणत, हाक मारली तर का येत नसत आणि समोर उभं राहिलं की लगेच हसून का बोलत. पालघरच्या डॉक्टरांनी कानाच्या नसा सुकत चालल्याचं सांगितलं. आधी बारीक आवाज जातात, मग मोठे. मुंबईहून कानाचं मशीन आणलं. ते शिट्टी घाले. वहिनी म्हणाल्या की डोक्यात चिलट शिरल्यासारखं वाटतं, आणि त्यांनी ते काढून ठेवलं. पुढच्या सुटीला हरुभायनी ते मशीन ओटीवर कागद पसरून उघडलं. भिंग लावून बराच वेळ आत पाहिलं.

"डबा बरा हाय," ते म्हणाले. पुढचं बोलले नाहीत.

त्या मशीननं पुन्हा कधी शिट्टी घातली नाही. दुसरा आवाजही केला नाही.

त्याच सुमारापासून हरुभायचे डबे बदलले. आधीच्या डब्यांचा आवाज गोल होता. आता तो टोकदार होऊ लागला. स्पीकर मोठे झाले, चुंबकं जड झाली, खर्ज कमी होत गेला. बारीक बोल मात्र खिळ्यासारखे बाहेर येत. जाणकार बेंजोवाले नुसतं ऐकून सांगत की हा डबा हरुभायचा आहे आणि अलीकडचा आहे. माकुणसारचे गजूमास्तर बेंजो वाजवत, आणि हरुभायचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक होते. ते तोंडावर म्हणाले की तुमचा डबा हल्ली बोलतो कमी आणि टोचतो जास्त. हरुभायनी उत्तर दिलं की टोचलाच पायजे. मास्तरांना हवा होता दणका. मांडवात जमीन हलली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हरुभाय म्हणत, दणका पायाला कळतो, त्याला कान कशाला लागतो.

एकदा ते स्क्रू आवळत असताना मी सरळ विचारलं की डबे असे का करता. त्यांनी हात थांबवला नाही.

"भांडं पडलं तर तिला कळतं. माझं बोलणं निम्मं कळतं. बारीक बोल कमी पडतो तिला. तोच मोठा करून सोडला तर जाईल ना आत."

मी विचारलं, जातो का?

"येतंय अजून," ते म्हणाले. "चुलीपर्यंत येतंय."

आणि खरोखरच येत होतं. दर डब्याला कधी पहिल्या खेपेला, कधी चौथ्या, पण पडवीतून 'आलं' ऐकू येई. त्या दिवशी हरुभाय जेवल्यावर अंगणात शीळ घालत फिरत. मशीन बंद पडलं, डॉक्टरांनी हात टेकले, एवढं एक मात्र त्यांच्या हातात उरलं होतं. घसा मोठा करत गेलं तर तिचा कान मागे पडणार नाही, अशी त्यांची समजूत होती. एरवी त्या घरात बोलणं फार कमी झालं होतं. हरुभाय बोलत ते डब्यांशी. वहिनी ऐकावं लागू नये म्हणून स्वतःच बोलत राहत, आणि मग दमून गप्प होत.

१९८६च्या दिवाळीनंतर गजूमास्तर आपला डबा घेऊन आले. मनोरच्या एका पार्टीनं माणसाच्या छातीएवढा डबा घेतला होता आणि दोन लग्नं मास्तरांच्या हातून गेली होती. या खेपेला काहीही करा पण दणका द्या, नाहीतर आमी बसलो घरी, असं त्यांनी सांगितलं. हरुभायनी मुंबईहून बारा इंची स्पीकर आणला. एवढा मोठा घसा त्यांनी आधी कधी लावला नव्हता. त्यासाठी डब्याचं पुढचं फळकूटच नवं करावं लागलं. तो मुरत असताना ते रोज कारखान्यातून आल्यावर त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि कागदावर हलका हात ठेवत.

मी म्हणालो की याच्यापेक्षा मोठा काही मिळत नसेल.

"मिळतो. या डब्यात मावत नाय," हरुभाय म्हणाले. कागदावरचा हात काढत म्हणाले, "यानं पण नाय आलं तर मंग संपलं, पेपरवाले."

हळदीच्या दिवशी हरुभायनी रजा घेतली होती. गजूमास्तर सकाळीच आले. बरोबर ढोलकीवाला, कॅसिओवाला आणि टेम्पोवाला. मास्तर ओटीवर चटईवर बसले, घोंगडीच्या घडीवर बेंजो ठेवला आणि वायर डब्यात खोचली. बाकीचे तिघे माजघराच्या दारात उभे राहिले. ओटीवर ऊन येत होतं आणि दारात सावली होती. चौकटीला टेकून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते बघत होते.

मास्तरांनी हळदीचं एक गाणं सुरू केलं. आवाज असा निघाला की गिरणीतला माणूस बाहेर येऊन बघू लागला. बोल सुटे होते, आणि खाली खर्जही होता. मास्तरांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. ते हरुभायकडे बघून म्हणाले की आता मनोरवाले काय करतात बघू. हरुभाय आत तोंड करून उभे होते. आतून काही आलं नाही.

त्यांनी पाठ उघडली, तार बदलली, पाठ लावली. मास्तरांनी पुन्हा वाजवलं. आतून काही नाही. हरुभायनी खर्जाचं बटण शून्यावर नेलं. दुसरं पूर्ण फिरवलं. आवाजाला धार आली. ढोलकीवाल्यानं कानावर हात ठेवला. आतून काही नाही.

असं बराच वेळ चाललं. मधेच बायजीआजी कुंपणापाशी आली आणि मला सगळं आलंय, आता पुरे करा, असं सांगून गेली. लग्नघरचा एक माणूस लूना घेऊन आला. मांडवात सगळे वाट बघत होते. मास्तर त्याला थोपवत होते आणि हरुभायना विनवत होते. वयनींना बाहेर बोलवा, इथं बसून ऐकतील, असं ढोलकीवाल्यानं सुचवलं. हरुभाय म्हणाले की इथं तर भिंतीला पण ऐकाला येतं.

शेवटी गजूमास्तरांचा तोल गेला.

"हरुभाय, हळद नवरीची हाय. वयनीची नाय."

हरुभायनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"परत वाजव," ते म्हणाले.

मास्तरांनी मान खाली घातली आणि रागानं तारांवर हात मारायला सुरुवात केली. गाण्याचं धृपद वाजवून ते पुढच्या ओळीवर आले, तेवढ्यात समोरची गिरणी थांबली. वीज गेली होती. बेटेगावहून वीज केंद्र फार लांब नाही, तरी आमच्याकडे वीज जायची. डब्यावरचा लाल दिवा विझला. दारातले तिघे, बाजूच्या घरातलीही गेली का हे बघायला, उड्या मारून अंगणात गेले. मास्तरांचा हात मात्र चालूच होता. रागात त्यांच्या लक्षात आलं नसावं. विजेशिवायचा बेंजो चटईवरच्या चटईवर किणकिणत होता.

मी ओटीच्या कडेला, दारासमोर बसलो होतो. तिघे गेल्यावर मला थेट पडवीपर्यंत दिसलं. वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या. हातात पळी होती. त्या हरुभायकडे बघत नव्हत्या, डब्याकडेही नाही. दोन दारांतून त्यांची नजर मास्तरांच्या हातावर होती.

"आलं," त्या म्हणाल्या. नेहमीसारखं, मोठ्यानं.

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग विझलेल्या दिव्याकडे. अंगणातून टेम्पोवाला ओरडून सांगत होता की सगळ्यांचीच गेली. हरुभाय तसेच आत तोंड करून उभे होते. मग त्यांनी खाली वाकून डब्याची वायर काढली आणि ती कोपरावर गुंडाळायला घेतली.

"पास झाला," ते म्हणाले. "घ्या."

मास्तरांनी बेंजो घोंगडीत बांधला. तिघांनी डबा टेम्पोत चढवला. लूनावाला पुढे गेला. मास्तर चप्पल घालून पायरीपर्यंत गेले होते, ते परत फिरले, माजघरातून पडवीत गेले आणि वहिनींसमोर उभे राहून, तोंड नीट दिसेल असं, म्हणाले, "वयनी, येतो."

"या हो," वहिनी म्हणाल्या. "आवाज गोड हाय बरं का, मास्तर."

संध्याकाळी डबा मांडवात वाजला. मी त्या हळदीला गेलो होतो. तक्रार ऐकली नाही.

वहिनी किती वर्षं डब्याऐवजी वाजवणाऱ्याचा हात बघत होत्या, हे मला सांगता येणार नाही. त्यांना मी विचारलं नाही. हरुभायना हे आधीपासून माहीत होतं की त्या सकाळी कळलं, यालाही दुजोरा मिळालेला नाही. गजूमास्तरांनी ही गोष्ट कुठे सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही, आणि त्या पट्ट्यातलं बहुतेक सगळं माझ्या कानावर येत असे. पुढे ते एवढंच म्हणत की हरुभायच्या डब्यांना पुन्हा दणका आला. ते खरं होतं. त्या हिवाळ्यापासून डब्यांचा आवाज परत गोल झाला. जाणकारांनी त्याची वेगवेगळी कारणं लावली. कोणी स्पीकरचं दुकान बदललं म्हणे, कोणी रेडिओ बदलला म्हणे.

त्यानंतरचा पहिला डबा जानेवारीत आला. सफाळ्याकडची पार्टी होती, हरुभायकडे नवीनच. डबा बातम्यांवर मुरला आणि ठरलेल्या दिवशी तिघे जण तो घ्यायला आले. हरुभायनी चटई भिंतीपासून ओढून दारासमोर मधोमध टाकली. बेंजोवाल्याला आत तोंड करून बसवलं. बाकीचे दोघे सावलीला चौकटीपाशी उभे राहायला गेले, तर त्यांना म्हणाले, "दारातून बाजूला व्हा." ते दोघे अंगणात उतरले. बेंजोवाल्यानं वायर खोचली आणि सुरू कधी करू म्हणून वर पाहिलं.

हरुभाय दारातून स्वतः बाजूला सरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"वाजव," ते म्हणाले. "हात जरा मोठा चालव."